डायपर सोडवताना: मुलाला शी-शूची सवय लावण्याचा योग्य क्रम

बहुतेक घरांत डायपर सोडवण्याचे काम जिथे संपायला हवे, तिथून सुरू होते. मूल अडीच वर्षांचे होत आलेले असते, जूनमध्ये त्याला बालवाडीत बसवायचे असते आणि तिथे डायपर चालणार नाही असे सांगितलेले असते. म्हणून मे महिन्यात एके दिवशी डायपर काढून टाकले जाते, दर अर्ध्या तासाने मुलाला उचलून संडासात बसवले जाते आणि ‘कर, कर’ म्हणत सगळे भोवती उभे राहतात. आठवडाभरात घरातली माणसे थकतात, मूल कमोड दिसला तरी अंग ताठ करून रडू लागते आणि डायपर परत येते. यात मुलाचा दोष नसतो आणि मेहनतही कमी पडलेली नसते. चुकलेला असतो तो क्रम.

शी-शू स्वतःहून करणे म्हणजे एकापाठोपाठ एक येणाऱ्या अनेक गोष्टी साधणे: आतून आलेली जाणीव ओळखणे, ती कोणाला तरी सांगणे, जागेवर पोहोचेपर्यंत थोडा वेळ धरून ठेवणे, चड्डी खाली करणे, बसून अंग सैल सोडणे, मग धुणे आणि हात स्वच्छ करणे. मोठी माणसे घड्याळ पाहून मुलाला नेत राहिली की यांतले फक्त बसणे तेवढे साधते. चड्डी कोरडी राहते, पण सवय लागते ती मोठ्यांना. पुढील टप्पे म्हणूनच मुलाची जाणीव केंद्रस्थानी ठेवून मांडले आहेत आणि ते शक्यतो याच क्रमाने घ्यावेत.

## १. मूल तयार आहे का, हे आधी पाहावे

मूत्राशय आणि गुदद्वार यांच्या स्नायूंवर ताबा येण्यास साधारण दीड वर्षानंतर सुरुवात होते, आणि बहुतेक मुलांची खरी तयारी २ ते ३ वर्षांच्या दरम्यान होते. दोन वर्षांच्या मुलाच्या मूत्राशयात अंदाजे १२० मिलिलिटर लघवी मावते. लहान कपभरच म्हणता येईल, त्यामुळे मोठ्यांप्रमाणे चार-पाच तास थांबण्याची अपेक्षा त्याच्याकडून ठेवता येत नाही. मात्र दिवसा सलग दोन तास डायपर कोरडे राहू लागले, तर मूत्राशय लघवी साठवू लागले आहे असे समजावे.

त्याखेरीज मूल उकिडवे बसून आधाराशिवाय उठते का, चड्डी खाली ओढण्याचा प्रयत्न करते का, ‘बूट आण आणि बाबांना दे’ यासारखी दोन भागांची सूचना पाळते का, आणि डायपर ओले किंवा खराब झाल्यावर ते ओढते किंवा येऊन सांगते का, हे पाहावे. एक खूण बऱ्याचदा चुकीची वाचली जाते. शी होण्याआधी मूल पडद्यामागे किंवा दाराआड जाऊन उभे राहते आणि मोठी माणसे त्याला हट्टी किंवा लाजरे म्हणतात. वास्तविक आपल्याला शी येणार आहे हे मुलाला कळू लागल्याची ती चांगली खूण आहे.

आपल्याकडे आज्या पाय लांब करून बाळाला पावलांवर बसवत आणि तोंडाने ‘शूऽऽ’ असा आवाज करत. ती पद्धत टाकाऊ नाही, कारण त्या आवाजाशी लघवीचे नाते जुळते, आणि सुती लंगोटात ओलेपणा लगेच जाणवत असल्यामुळे मुलाचे शरीराकडे लक्षही लवकर जाते. तरीही वेळ आजीनेच ठरवलेली असते, म्हणून त्याला स्वावलंबन म्हणता येत नाही. ‘आमची मुले वर्षाची असतानाच शिकली होती’ या वाक्याने आजच्या आईने खचून जाण्याचे कारण नाही.

तपासा: वरील खुणांपैकी बहुतेक दिसत असतील तरच पुढे जावे. एखाददुसरीच दिसत असेल, तर महिना-दीड महिना थांबावे. लवकर सुरू केल्याने सवय लवकर पूर्ण होतेच असे नाही. अनेकदा शिकवण्याचा काळ तेवढा लांबतो.

## २. पॉटी आणण्याआधी पोट सुधारावे

या टप्प्याकडे सर्वाधिक दुर्लक्ष होते आणि माझ्या मते सर्वाधिक अपयश इथूनच येते. मुलाला खडा होत असेल, तर एकदा दुखल्यावर ते पुढच्या वेळी शी कोंडून धरते. कोंडलेल्या मळातले पाणी आतडे शोषून घेते, तो आणखी कडक होतो आणि पुढच्या वेळी अधिक दुखते. अशा मुलाला पॉटीवर बसवले की त्याच्या मनात पॉटी आणि वेदना यांची गाठ बसते, आणि ती सोडवण्यास कित्येक महिने लागू शकतात.

कोंडून धरणारे मूल ओळखता आले पाहिजे. ते टाचा उंचावून पाय एकमेकांवर आवळते, कोपरा धरते, चेहरा लाल करते. पाहणाऱ्याला ते जोर लावत आहे असे वाटते, प्रत्यक्षात ते शी आत अडवत असते. आणखी एक फसवी खूण अशी की, कडक मळाच्या बाजूने पातळ मळ झिरपून चड्डीला लागतो, घरचे त्याला जुलाब समजतात आणि नेमके उलटे उपाय करतात.

आहारात पहिली चौकशी दुधाची करावी. दिवसभरात अर्ध्या लिटरहून अधिक दूध पिणाऱ्या मुलाचे जेवण कमी होते, पोटात चोथा जात नाही आणि लोहाचीही कमतरता होऊ शकते. बाटली बंद करून दूध कपातून आणि मोजके द्यावे. सालीची मूग किंवा मसुराची डाळ, मऊ शिजवलेली पालेभाजी, पपई, भिजवून कुस्करलेले मनुके किंवा अंजीर, आणि दिवसभर थोडे थोडे पाणी यांनी बहुतेक मुलांना फरक पडतो. मैद्याची बिस्किटे हा अनेक घरांत मुलाचा अर्धा आहार झालेला असतो, तो कमी करावा.

सावधान: एरंडेल, साबणाची कांडी किंवा दुकानातून विचारून आणलेले जुलाबाचे औषध घरच्या घरी वापरू नये. दोन आठवडे आहार सुधारूनही शी कडक राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवावे आणि त्यांनी दिलेले मळ मऊ करणारे औषध सांगितलेल्या मुदतीपर्यंत द्यावे. चार दिवसांत बरे वाटले म्हणून ते मध्येच थांबवणे ही नित्याची चूक आहे.

## ३. महिना, जागा आणि घरातले एकमत

शक्य असेल तर फेब्रुवारी-मार्चमध्ये सुरुवात करावी. हवा उबदार असते, कपडे तासा-दोन तासांत वाळतात आणि जूनपर्यंत पुरेसा अवधी मिळतो. मे महिन्यात गावी जाणे, लग्नकार्ये आणि पाहुणे यांमुळे रोजचा क्रम मोडतो. पावसाळ्यात, विशेषतः कोकणात आणि मुंबईत, ओल्या चड्ड्यांचा ढीग वाळत नाही आणि घरातल्यांची चिडचिड मुलावर निघते. दुसरे बाळ येऊ घातले असेल, घर बदलायचे असेल, आई नुकतीच कामावर रुजू झाली असेल किंवा मूल आजारातून उठत असेल, तर ते आठवडे टाळावेत.

जागेची तयारी करताना एका गोष्टीकडे लक्ष असावे: बसल्यावर मुलाची पावले टेकली पाहिजेत. पाय लोंबकळत असले की पोटाचे आणि मांडीचे स्नायू ताठ राहतात आणि शी सुटत नाही. जमिनीवर ठेवण्याची छोटी पॉटी यासाठी सर्वांत सोयीची. कमोडच वापरायचा असेल, तर लहान मुलांची बैठक आणि पायांखाली भक्कम स्टूल दोन्ही हवीत, आणि गुडघे कमरेपेक्षा किंचित वर यावेत. देशी संडासात उकिडवे बसणे शरीराच्या दृष्टीने उत्तमच असते, परंतु दोन पावठ्यांमधील अंतर लहान पायांना जास्त पडते आणि आत पडण्याची भीती वाटते. तिथे आरंभी पॉटीवरच बसवावे आणि पाय पुरू लागल्यावर हात धरून संडासात बसवण्यास सुरुवात करावी.

इलॅस्टिकच्या सैल सुती चड्ड्या किमान दहा-बारा असाव्यात. नाडी, बटणे, पट्टा, घट्ट लेगिंग आणि डांगरी हे सर्व प्रकार काही महिने बाजूला ठेवावेत, कारण मुलाला जाणीव वेळेवर होऊनही कपड्यामुळे उशीर झाला, तर ते अपयश त्याला स्वतःचे वाटते.

घरात आई-बाबा, आजी-आजोबा, सांभाळणाऱ्या ताई असे अनेक हात असतात. त्या सर्वांनी एकत्र बसून तीन गोष्टी ठरवाव्यात: शी आणि शू यांसाठी कोणते शब्द वापरायचे, चड्डी ओली झाल्यावर काय बोलायचे, आणि रागावायचे नाही. आईने शांतपणे चड्डी बदलायची आणि संध्याकाळी आजोबांनी ‘एवढा मोठा घोडा झालास’ म्हणायचे, अशाने मूल त्या माणसासमोर सांगणेच बंद करते.

सावधान: मूल आता न्हाणीघरात वारंवार जाणार आहे. भरलेली बादली तिथे ठेवू नये. काही सेंटिमीटर पाण्यातही लहान मूल बुडू शकते. अ‍ॅसिड आणि फिनेलच्या बाटल्या उंचावर कुलपात ठेवाव्यात, ओली फरशी लगेच पुसावी, आणि मुलाच्या हाताला येणारी आतली कडी काढून टाकावी.

## ४. पहिला टप्पा: डायपर चालू ठेवून ओळख

पहिले सात ते दहा दिवस डायपर काढण्याची घाई करू नये. पॉटी घरात आणून नेहमीच्या एका जागी ठेवावी आणि मुलाला कपड्यांसह त्यावर बसू द्यावे. डायपरमध्ये शी झाली की मुलाला सोबत नेऊन ती पॉटीत किंवा संडासात टाकावी आणि ‘शीची जागा ही’ एवढेच सांगावे. फ्लशच्या आवाजाची भीती वाटत असेल, तर मूल बाहेर गेल्यावर फ्लश करावा.

याच दिवसांत मुलाचे वेळापत्रक टिपून ठेवावे. पोटात अन्न गेले की मोठ्या आतड्याची हालचाल वाढते, म्हणून जेवणानंतर १५ ते ३० मिनिटांत शी येण्याची शक्यता अधिक असते. मुलाची नेहमीची वेळ सापडली की त्या वेळी त्याला डायपर काढून पॉटीवर तीन ते पाच मिनिटे बसवावे. काही झाले नाही तर ‘बरं, नंतर’ म्हणून उठू द्यावे.

सावधान: पॉटीवर बसवताना मोबाइल देऊ नये. मूल अर्धा तास बसून राहते खरे, पण त्याचे लक्ष शरीराकडे राहत नाही, आणि पुढे मोबाइलशिवाय ते बसतही नाही. छोटेसे गाणे, गोष्ट किंवा नुसती सोबत पुरेशी असते.

## ५. दुसरा टप्पा: दिवसाचे डायपर काढणे

घरातले एक माणूस सलग तीन-चार दिवस मुलाजवळ राहू शकेल अशा वेळी दिवसाचे डायपर पूर्ण काढावे. सकाळी डायपर, दुपारी चड्डी, पाहुणे आले की पुन्हा डायपर, असे केल्यास कशात काय करायचे हे मुलाला समजत नाही. झोपेचे डायपर मात्र चालू ठेवावे. त्याचा विचार नवव्या भागात केला आहे.

पहिल्या दिवशी चड्डी अनेकदा ओली होणार, आणि ती व्हावीही. डायपर ओल शोषून घेत असल्याने शू म्हणजे ओले होणे हे मुलाने आजवर फारसे अनुभवलेलेच नसते. पायांवरून गरम धार आली, खाली थारोळे झाले, चालताना चड्डी चिकटली, या अनुभवांतूनच आतली जाणीव आणि बाहेरचा परिणाम यांचा संबंध मुलाला कळतो. म्हणून या दिवसांत ओल शोषणाऱ्या ‘ट्रेनिंग पँट’पेक्षा साधी सुती चड्डी बरी.

चड्डी ओली झाली की दरवेळी एकसारखेच वागावे: आवाज न चढवता ‘शू झाली. शू पॉटीत करायची,’ म्हणावे, मुलाला पॉटीपर्यंत नेऊन ओली चड्डी तिथेच काढावी आणि कोरडी घालण्यात त्याची मदत घ्यावी. ओल्या चड्डीत मुद्दाम बसवून ठेवणे, नाक मुरडून ‘घाण’ म्हणणे, भावंडांसमोर हसणे, चटका देण्याची भीती घालणे, यांतून मूल धरून ठेवण्यास आणि लपवण्यास शिकते. वर सांगितलेली बद्धकोष्ठता तिथूनच सुरू होते.

कौतुकही मोजके असावे. प्रत्येक शूला चॉकलेट दिल्यास मूल चार थेंबांसाठी चॉकलेट मागू लागते. ‘तुला कळलं आणि तू सांगितलंस’ या शब्दांत कौतुक करावे, कारण पॉटीत पडलेल्या शूपेक्षा वेळेवर सांगणे महत्त्वाचे आहे. सांगून पोहोचेपर्यंत चड्डी ओली झाली, तरीही सांगितल्याचे कौतुक व्हावे.

तपासा: तीन-चार दिवसांनंतर शू होताना मूल थांबते का, खाली पाहते का, झाल्यानंतर तरी सांगते का? यांतले काहीच दिसत नसेल आणि रडारड वाढत असेल, तर अपराधी न वाटून घेता डायपर परत घालावे आणि चार ते सहा आठवडे थांबावे. हे थांबणे म्हणजे हार नव्हे, आणि मुलाला तसे जाणवूही देऊ नये.

## ६. तिसरा टप्पा: आठवण करणे कमी करीत जाणे

पहिल्या आठवड्यात झोपून उठल्यावर, जेवणानंतर, अंघोळीपूर्वी आणि बाहेर निघताना अशा ठरावीक वेळी न्यावे. दर अर्ध्या तासाने नेल्यास मूत्राशय भरण्याची जाणीव येण्याआधीच ते रिकामे होते आणि जास्त वेळ साठवण्याचा सराव घडत नाही.

‘शू आली का?’ या प्रश्नाला खेळात रमलेले मूल हमखास ‘नाही’ म्हणते. त्याऐवजी ‘पाय आवळतोयस, शू सांगतेय बघ’ असे त्याच्या शरीराकडे लक्ष वेधावे किंवा ‘आधी शू, मग अंगण’ असे सरळ सांगावे. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यापासून हीदेखील आठवण एक एक वेळ करून कमी करावी आणि मुलाने स्वतः सांगण्याची वाट पाहावी. या काळात चड्डी पुन्हा दोन-चारदा ओली होईल. तेवढे सोसल्याशिवाय जबाबदारी मुलाकडे जात नाही.

## ७. चड्डी, धुणे आणि हात

चड्डी वर ओढण्यापेक्षा खाली करणे सोपे असते, म्हणून आधी तेवढेच मुलाकडे द्यावे. वर ओढताना मागची बाजू अडकते, तिथे मोठ्यांनी बोट लावावे. मुलग्यांनाही आरंभी बसूनच शू करण्यास शिकवावे. शी आणि शू एकत्र येतात तेव्हा गोंधळ होत नाही. उभे राहणे बाबांना पाहून नंतर सहज येते.

मुलींना धुताना हात आणि पाणी पुढून मागे जावे. उलट दिशेने धुतल्यास मळातील जंतू मूत्रमार्गाकडे जाऊन संसर्ग होऊ शकतो. मुलग्यांची शिश्नावरची कातडी धुण्यासाठी ओढून मागे करू नये. ती या वयात स्वाभाविकच चिकटलेली असते. शी नीट धुणे चार-पाच वर्षांपर्यंत मोठ्यांच्या देखरेखीखालीच व्हावे, परंतु तांब्या धरणे आणि पाणी ओतणे मुलाने आधीपासून करावे. पाण्याच्या जेटचा जोर लहान मुलांना टोचतो, तिथे पाण्याचा मग बरा.

साबणाने हात धुणे पहिल्या दिवसापासून याच क्रमाचा भाग असावे, शू झाली तरीही आणि पॉटी रिकामी गेली तरीही.

## ८. पाळणाघर, बालवाडी आणि प्रवास

घरी जमलेले बाहेर लगेच जमेल असे धरू नये. जागा, उंची, वास आणि माणसे सगळेच निराळे असते. शाळा सुरू होण्यापूर्वी मुलाला तिथला संडास दाखवून यावे आणि शी-शूसाठी घरात वापरतो ते शब्द बाई आणि मावशींना सांगावेत. गणवेशाला पट्टा किंवा बटणाची चड्डी असेल, तर इलॅस्टिक चालेल का, हे संकोच न करता विचारावे. दप्तरात चड्ड्यांचे दोन जोड आणि ओल्या कपड्यांची पिशवी असावी.

शाळेतून येताच मूल धावत संडासात जात असेल किंवा तिथे पाणी पिणेच टाळत असेल, तर ते दिवसभर धरून ठेवत आहे असे समजावे आणि बाईंशी बोलावे. एसटीच्या किंवा गाडीच्या प्रवासात ‘आजच्या दिवस’ म्हणून डायपर घालण्याऐवजी निघण्यापूर्वी शू करवावी, दोन तासांनी थांबा पाहावा आणि पॉटी सोबत न्यावी.

## ९. रात्रीची घाई नको

दिवसाचे शिकवता येते, रात्रीचे मात्र शिकवून येत नाही. झोपेत लघवी कमी तयार करणारे संप्रेरक रात्री पुरेसे स्रवू लागणे आणि भरलेल्या मूत्राशयाने झोप मोडणे या दोन्ही गोष्टी शरीराच्या वाढीबरोबर होतात, आणि त्यात आनुवंशिकतेचा मोठा वाटा असतो. दिवसा कोरडे राहिल्यानंतर कित्येक महिने, कधी वर्षेही, रात्री अंथरूण ओले होऊ शकते. पाच वर्षांपर्यंत त्याला दोष मानत नाहीत.

सकाळी डायपर सलग एक-दोन आठवडे कोरडे मिळाले की ते काढावे. दुपारच्या झोपेचे साधारण आधी सुटते. पाणी दिवसा भरपूर द्यावे, झोपण्याच्या तोंडावर मोठा पेलाभर दूध देऊ नये, आणि झोपण्यापूर्वी शू करवावी. मध्यरात्री झोपेतल्या मुलाला उचलून नेल्याने गादी वाचते, पण मूल काही शिकत नाही. गादीवर रबरी चादर, तीवर सुती चादर, पुन्हा रबरी आणि पुन्हा सुती, असे दोन थर घातले, तर रात्री फक्त वरचा थर काढून लगेच झोपता येते.

## १०. शिकलेले विसरले तर, आणि डॉक्टरांकडे केव्हा जावे

नवे बाळ, नवी शाळा, आजारपण किंवा घरातला ताण यांमुळे शिकलेले मूल पुन्हा चड्डी ओली करू लागते. अशा वेळी काही दिवस सहाव्या भागातल्या ठरावीक वेळा पुन्हा पाळाव्यात, पोट साफ होते का हे पाहावे आणि तुलना टाळावी. साचलेला मळ मूत्राशयावर दाब देतो, म्हणून अचानक वाढलेल्या ओल्या चड्ड्यांमागे कित्येकदा बद्धकोष्ठताच असते.

लघवी करताना रडणे किंवा जळजळ, कारण न सापडणारा ताप, लघवीत किंवा शीत रक्त, मुलग्याची धार बारीक किंवा थेंब थेंब असणे, चार वर्षांनंतरही दिवसा नेहमी ओले होणे किंवा चड्डीत शी होणे, आणि पाच वर्षांनंतर वारंवार अंथरूण ओले होणे, यांपैकी काहीही असल्यास बालरोगतज्ज्ञांकडे जावे. कोरडे राहू लागलेले मूल अचानक खूप पाणी पिऊ लागले, सारखी लघवी करू लागले आणि वजन उतरू लागले, तर मधुमेहाची शक्यता तपासण्यासाठी त्याच दिवशी रक्तातील साखर पाहून घ्यावी.